समुद्रतळाची वही : खोल समुद्रात शोध घेणाऱ्यांनी माहिती कोणाला आणि किती द्यायची?



मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. सत्र संपत आले की आमच्याकडे जर्नल तपासणीचा आठवडा येतो. त्या आठवड्यात दोन प्रकारची जर्नले माझ्या टेबलावर येतात. पहिल्या प्रकारात खाडाखोड असते आणि एखादे वाचन आलेखाच्या रेषेपासून भलतेच लांब पडलेले असते. दुसऱ्या प्रकारात सगळे बिंदू रेषेवर शिस्तीत बसलेले असतात, कारण ते प्रयोगातून आलेले नसून गेल्या वर्षीच्या जर्नलातून आलेले असतात. "ही वाचने तुम्ही कोणासाठी लिहिता?" असे विचारले की बहुतेकांचे उत्तर येते, "सर, सबमिशनसाठी."

हाच प्रश्न आज आपण एका फार मोठ्या प्रयोगशाळेला विचारणार आहोत. ही प्रयोगशाळा म्हणजे चार ते सहा हजार मीटर खोलीवरचा समुद्रतळ. तेथे खनिजांचा शोध घेणारे कंत्राटदार दरवर्षी एक अहवाल सादर करतात. त्या अहवालात काय असते, तो कोण वाचतो, त्यातले काय उघड होते आणि काय कपाटात राहते, याचा इतिहास आपल्याला पाहायचा आहे. वरवर हा कागदपत्रांचा विषय वाटेल. पण जी जागा साऱ्या मानवजातीची आहे असे कायदा म्हणतो, तिच्याविषयीचे ज्ञान कोणाचे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. टिपण वाचताना तो लक्षात असू द्या.

१. सुरुवात : पन्नास खंडांचा अहवाल

खोल समुद्राच्या पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात साधारणपणे 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाच्या सफरीपासून मानतात. ही सफर १८७२ ते १८७६ अशी चालली. १८७३ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळातून या जहाजाने काळे, बटाट्याएवढे गोटे वर काढले. त्यांत मँगनीज आणि लोह होते. आज आपण ज्यांना बहुधात्विक गोटे म्हणतो ते हेच. त्यांच्यात निकेल, तांबे आणि कोबाल्टही असते. पाण्यात विरघळलेले धातू एखाद्या शार्कच्या दाताभोवती किंवा खडकाच्या कणाभोवती थरांनी साचत जातात आणि गोटा तयार होतो. ही वाढ अतिशय मंद असते, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सफरीइतकेच महत्त्व सफरीनंतर जे घडले त्याला आहे. चॅलेंजरचे निष्कर्ष पन्नास खंडांत प्रसिद्ध झाले. ते काम १८९५ पर्यंत चालले. प्रमुख वायव्हिल थॉमसन यांच्या निधनानंतर जॉन मरे यांनी ते तडीस नेले. मरे आणि बेल्जियमचे रेनार यांचा समुद्रतळाच्या गाळावरील खंड १८९१ मध्ये आला. गोळा केलेले प्राणी निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांकडे अभ्यासासाठी पाठवले गेले. जर्मनीच्या एर्न्स्ट हेकेल यांना रेडिओलेरिया हे सूक्ष्मजीव मिळाले, तर अमेरिकेच्या अलेक्झांडर अगासिझ यांना समुद्री साळ्या. ब्रिटनच्या पैशाने आणलेले नमुने परक्यांना कशाला द्यायचे, अशी कुरकुर तेव्हा ब्रिटनमध्येही झाली होती. तरीही नमुने वाटले गेले, खंड छापले गेले आणि ते जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचले.

म्हणजे पहिल्या टप्प्यावर नियम साधा होता. जे सापडले ते सविस्तर छापायचे. या गोट्यांना बाजारात किंमत नव्हती, हे त्याचे एक कारण होते.

२. गोट्यांना किंमत आली आणि माहिती दारामागे गेली

१९६५ मध्ये जॉन मेरो या अमेरिकन अभियंत्याचे समुद्रातील खनिजसंपत्तीवरचे पुस्तक आले. समुद्रतळावरचे गोटे खाणीसारखे काढता येतील आणि ते फायद्याचे ठरेल, असा त्याचा हिशेब होता. पुढे हा हिशेब फारच आशावादी निघाला, पण त्या वेळी त्याने कंपन्यांचे आणि सरकारांचे लक्ष वेधले. पॅसिफिक महासागरात हवाई बेटे आणि मेक्सिको यांच्या मधल्या क्लॅरिअन-क्लिपर्टन पट्ट्यात जहाजे फिरू लागली.

येथून माहितीचा स्वभाव बदलला. गोटे कोठे दाट आहेत, त्यांत निकेल किती टक्के आहे, हे आता धंद्याचे गुपित झाले. गुपिताच्या या वातावरणाचे एक टोकाचे उदाहरण ध्यानात ठेवा. १९७४ मध्ये 'ग्लोमार एक्सप्लोरर' नावाचे प्रचंड जहाज पॅसिफिकमध्ये काम करत होते. हॉवर्ड ह्यूज या उद्योगपतीचे हे जहाज गोटे काढण्यासाठी बांधले आहे, असे जगाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए १९६८ मध्ये बुडालेली सोव्हिएत पाणबुडी वर काढण्याचा प्रयत्न करत होती. १९७५ मध्ये हे वृत्तपत्रांतून उघड झाले. खोल समुद्रात नेमके काय चालले आहे हे बाहेरच्या कोणालाही तपासता येत नसेल, तर किती मोठे सोंग वठवता येते, हे या प्रकरणातून दिसले.

याच काळात दुसरा प्रवाह सुरू झाला होता. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे राजदूत आर्व्हिड पार्डो यांनी संयुक्त राष्ट्रांत एक लांबलचक भाषण केले. देशांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ कोणा एकाचा नसून मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची भीती सरळ होती. ज्या मूठभर देशांकडे तंत्रज्ञान आहे ते तळ वाटून घेतील आणि बाकीचे पाहत राहतील. १७ डिसेंबर १९७० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सामाईक वारशाचे तत्त्व जाहीरनाम्यात स्वीकारले. १९७३ पासून सागरी कायद्याच्या परिषदेत त्यावर वाटाघाटी सुरू झाल्या. १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील माँटेगो बे येथे सागरी कायद्याच्या करारावर सह्या झाल्या. या करारात राष्ट्रीय हद्दीपलीकडच्या समुद्रतळाला नुसते 'क्षेत्र' असे नाव आहे.

३. वाटणीचा नियम आणि त्यातली अडचण

गावाकडे दोन भावांत वाटणी करायची असली की एक जुनी युक्ती वापरतात. एकाने दोन वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे. वाटे करणाऱ्याला ते सारखेच करावे लागतात, कारण लहान वाटा आपल्याच पदरी पडेल ही धास्ती असते.

१९८२ च्या करारात जवळजवळ हीच युक्ती आहे. खाणकामासाठी अर्ज करणाऱ्याने दोन खाणींना पुरेल एवढे क्षेत्र शोधायचे, त्याचे अंदाजे सारख्या किमतीचे दोन भाग पाडायचे आणि दोन्ही भागांची माहिती द्यायची. त्यातला एक भाग अर्जदाराला मिळणार. दुसरा 'राखीव क्षेत्र' म्हणून बाजूला ठेवायचा, विकसनशील देशांसाठी किंवा समुद्रतळ प्राधिकरणाच्या स्वतःच्या उपक्रमासाठी. कोणता भाग राखीव, हे माहिती मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत ठरवायचे.

आता युक्तीतली अडचण पाहा. घरच्या वाटणीत दोघांनाही शेत दिसत असते. येथे शेत पाच हजार मीटर पाण्याखाली आहे आणि ते फक्त वाटे करणाऱ्याने पाहिलेले आहे. उचलणाऱ्याच्या हातात केवळ नकाशा आणि आकडे आहेत, तेही पहिल्यानेच दिलेले. म्हणून नियमात स्पष्ट लिहावे लागले की अर्जदाराने दोन्ही भागांचे नकाशे, नमुन्यांची माहिती, गोट्यांची घनता आणि त्यांतील धातूंचे प्रमाण सादर करावे. माहिती देण्याचे बंधन हे या व्यवस्थेतले उपकलम नव्हे. सारी व्यवस्था त्याच खांबावर उभी आहे. तो काढला तर वाटणी न्याय्य झाली की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही.

४. भारताचा प्रवेश

२६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' या संशोधन जहाजावरून अरबी समुद्रातून भारताने पहिला गोटा वर काढला. हे काम गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे होते. त्याच वर्षी केंद्र सरकारने महासागर विकास विभाग स्थापन केला आणि संस्थेचे तोपर्यंतचे संचालक डॉ. सय्यद झहूर कासिम त्याचे सचिव झाले.

१९८२ च्या परिषदेने एक वेगळा ठराव करून, आधीच पैसा घालून काम सुरू केलेल्यांना 'अग्रणी गुंतवणूकदार' असा दर्जा देण्याचे ठरवले. किमान तीन कोटी डॉलर खर्च झालेला असावा आणि त्यातला किमान दहावा भाग प्रत्यक्ष जागेच्या शोधावर व मूल्यमापनावर झालेला असावा, ही अट होती. ठरावात चार देशांची नावे होती : फ्रान्स, जपान, सोव्हिएत संघ आणि भारत. पॅसिफिकमधल्या दावेदारांची क्षेत्रे एकमेकांत घुसत होती. आपले क्षेत्र दुसऱ्याच्या क्षेत्रात शिरते का हे तपासायचे तर अक्षांश-रेखांश उघड करावे लागतात, आणि तेच कोणाला नको होते. ही कोंडी सुटायला काही वर्षे गेली. भारताचे क्षेत्र मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात असल्याने तेथे असा तंटा नव्हता. १७ ऑगस्ट १९८७ रोजी भारत जगातला पहिला नोंदणीकृत अग्रणी गुंतवणूकदार झाला. बाकीच्या तिघांची नोंदणी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाली.

भारताला कन्याकुमारीच्या दक्षिणेला दीड-दोन हजार किलोमीटरवर दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले. वरच्या नियमानुसार तेवढेच क्षेत्र राखीव म्हणून प्राधिकरणाच्या खात्यात गेले, सोबत भारतीय शास्त्रज्ञांनी जमवलेली माहितीही. पुढे टप्प्याटप्प्याने निम्मे क्षेत्र परत देऊन भारताने ७५,००० चौरस किलोमीटर स्वतःकडे ठेवले. कोणते परत द्यायचे आणि कोणते ठेवायचे हा निर्णयही नमुन्यांच्या आकड्यांवरूनच झाला. सरकारी अंदाजानुसार या ठेवलेल्या क्षेत्रात सुमारे ३८ कोटी टन गोटे आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. विकसनशील देशांच्या बाजूने बोलणारा भारत आणि खाणकामाचा हक्क मागणारा भारत, असे दोन्ही भारत एकाच टेबलावर बसलेले होते. माहिती मागणाऱ्यांतही आपण होतो आणि देणाऱ्यांतही. म्हणून या इतिहासाकडे 'ते विरुद्ध आपण' असे पाहता येत नाही.

५. वार्षिक अहवाल : नव्वद दिवसांत सादर करा

१९८२ चा करार १६ नोव्हेंबर १९९४ रोजी अमलात आला. त्याआधी जुलै १९९४ मध्ये एका पूरक कराराने खाणकामाच्या अटी सैल केल्या होत्या. कंत्राटदारांनी आपले तंत्रज्ञान सक्तीने हस्तांतरित करावे, हे कलम त्यात गळाले. त्यामुळे सामाईक वारशातून विकसनशील देशांना मिळण्याजोग्या गोष्टींमध्ये माहिती आणि प्रशिक्षण यांचे वजन आणखी वाढले.

आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचे कार्यालय जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे आहे. जुलै २००० मध्ये प्राधिकरणाने गोट्यांच्या शोधाचे नियम मंजूर केले. २००१ पासून जुन्या अग्रणी गुंतवणूकदारांशी पंधरा वर्षांचे करार झाले. भारताचा करार २५ मार्च २००२ चा. त्याला २०१७ आणि २०२२ मध्ये पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. गंधकयुक्त खनिजांसाठी भारताचा वेगळा करार २०१६ मध्ये झाला.

या करारांत अहवालाचे कलम आहे. कॅलेंडर वर्ष संपल्यापासून नव्वद दिवसांच्या आत कंत्राटदाराने प्राधिकरणाच्या सरचिटणीसांना अहवाल द्यायचा. त्यात पुढील गोष्टी हव्यात :

• वर्षभरात केलेले शोधकार्य, नकाशे व आलेखांसह
• वापरलेली उपकरणे आणि खाणतंत्राच्या चाचण्यांचे निष्कर्ष (उपकरणाचे आराखडे मात्र द्यावे लागत नाहीत)
• विकसनशील देशांच्या उमेदवारांना दिलेले प्रशिक्षण
• पर्यावरण निरीक्षणाचे निष्कर्ष
• नमुना म्हणून किंवा चाचणीसाठी वर काढलेल्या गोट्यांचे प्रमाण
• प्रत्यक्ष शोधखर्चाचा प्रमाणित हिशेब
• कार्यक्रमात केलेले बदल आणि त्यांची कारणे

करार संपताना कंत्राटदाराने साठलेली सारी भूवैज्ञानिक, रासायनिक आणि पर्यावरणीय माहिती द्यायची असते. नमुने कोठे आणि कसे ठेवले आहेत, हेही सांगायचे असते.

हे अहवाल प्राधिकरणाच्या विधी व तांत्रिक आयोगाकडे जातात. आयोगाचे सदस्य तपासणी करून शेरे देतात. त्यांच्या बैठका बहुतेक बंद दाराआड होतात आणि अहवाल जसेच्या तसे सर्वसाधारणपणे प्रसिद्ध होत नाहीत. माझ्या जर्नलच्या भाषेत सांगायचे तर परीक्षक वही पाहतो, सही करतो, आणि वर्गाला फक्त एकूण शेरा कळतो.

६. गुपित कशाला म्हणायचे?

कंत्राटदाराची बाजूही समजून घेऊ. एका सफरीचा खर्च अवाढव्य असतो. वीस वर्षे मेहनत करून शोधलेली दाट गोट्यांची जागा उद्या स्पर्धकाला फुकट कळली, तर कोण पैसा घालील? म्हणून करार गोपनीयता मान्य करतो. प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांना नोकरी सोडल्यावरही ही गुपिते फोडता येत नाहीत.

पण कराराने एक रेषाही आखली आहे. सागरी पर्यावरणाच्या रक्षणाचे नियम करण्यासाठी जी माहिती लागते ती गोपनीय मानता येत नाही. अपवाद फक्त उपकरणांच्या खासगी आराखड्यांचा. गोपनीयतेलाही मुदत आहे. माहिती दिल्यापासून किंवा करार संपल्यापासून, यांतले जे नंतर येईल तेव्हापासून, दहा वर्षांनी फेरविचार व्हायचा आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. उघड केल्यास गंभीर व अन्याय्य आर्थिक नुकसानीचा मोठा धोका आहे, असे कंत्राटदाराने दाखवून दिले तर माहिती बंदच राहते.

कागदावर रेषा स्वच्छ आहे : खनिजाची माहिती झाकलेली, पर्यावरणाची उघडी. समुद्राच्या तळाशी मात्र ती तितकी स्वच्छ नाही. मऊ गाळाच्या पठारावर कठीण पृष्ठभाग म्हणून हे गोटेच असतात. स्पंज, प्रवाळ आणि इतर अनेक जीव त्यांना धरून वाढतात. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये किती किलो गोटे आहेत, हा आकडा खाणमालकासाठी साठ्याचा आकडा आहे आणि जीवशास्त्रज्ञासाठी अधिवासाचा. तोच आकडा एका वहीत गुपित आणि दुसऱ्या वहीत सार्वजनिक कसा असेल? हा पेच नियमाच्या एका ओळीने सुटत नाही. तुमच्यापैकी जे कायदा शिकतात त्यांनी आणि जे जीवशास्त्र शिकतात त्यांनी एकत्र बसून यावर वाद घालावा, असे मला वाटते.

७. माहिती दिली, पण ती जुळेना

समजा, सगळ्यांनी सगळी पर्यावरणीय माहिती प्रामाणिकपणे दिली. तरी एक प्रश्न उरतो. ती एकमेकींशी जुळते का?

साधे उदाहरण घ्या. तळातून काढलेला गाळ चाळणीतून धुऊन त्यातले लहान प्राणी मोजतात. एका जहाजाने २५० मायक्रॉनची चाळणी वापरली आणि दुसऱ्याने ५०० ची, तर दुसऱ्याच्या यादीत प्राणी कमी दिसणारच. ते समुद्रात कमी नाहीत, ते चाळणीतून निसटले. तसेच नावांचे. खोल समुद्रातील बहुसंख्य जातींना अजून शास्त्रीय नाव नाही. मग प्रत्येक गट त्यांना तात्पुरता क्रमांक देतो. एकाचा 'किडा क्रमांक १' हा दुसऱ्याचा 'किडा क्रमांक ७' आहे का, हे नमुने शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय एखादी जात साऱ्या पट्ट्यात पसरलेली आहे की एकाच कंत्राटदाराच्या क्षेत्रात आहे, हेही कळत नाही. दुसरे खरे असेल तर तेथील खाणकामाने ती जात कायमची संपू शकते.

प्राधिकरणाला याची जाणीव लवकर झाली. १९९८ मध्ये चीनमधील सान्या येथे पर्यावरणीय मार्गदर्शनासाठी कार्यशाळा झाली आणि २००१ मध्ये किंग्स्टनला माहितीच्या प्रमाणीकरणावर. त्याच वर्षी आयोगाने कंत्राटदारांसाठी पहिल्या शिफारशी काढल्या. २०१०, २०१३ आणि २०२० मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. जीवांची नावे जुळवण्यासाठी तज्ज्ञ एकत्र बसले : मोठ्या प्राण्यांसाठी २०१३ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेन येथे, लहान प्राण्यांसाठी २०१४ मध्ये दक्षिण कोरियातील उल्जिन येथे आणि त्याहून सूक्ष्म प्राण्यांसाठी २०१५ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे. २०१५ मध्ये वार्षिक अहवालासाठी ठरावीक नमुनाही तयार झाला. तोपर्यंत पहिल्या करारांची पंधरा वर्षे जवळजवळ संपत आली होती.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. मोजमापाची पद्धत मोजण्याआधी ठरवायची असते. नंतर ठरवली तर जुनी वाचने चुकीची ठरत नाहीत, पण नव्यांशेजारी ठेवता येत नाहीत.

८. डीपडेटा : कपाट उघडले

२०१७ मध्ये प्राधिकरणाने कंत्राटदारांची माहिती एकत्र ठेवणाऱ्या डीपडेटा या संग्रहाचे काम सुरू केले आणि जुलै २०१९ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. खनिजांची माहिती त्यात बंद कप्प्यात आहे. पर्यावरणाची माहिती, म्हणजे नमुने कोठे घेतले, पाण्याचे व गाळाचे गुणधर्म काय, कोणते जीव सापडले, ही कोणालाही पाहता येते. पुढे त्यातील जीवांच्या नोंदी ओबिस या जागतिक सागरी जैवविविधता संग्रहाशीही जोडल्या गेल्या.

उघडल्याचा फायदा काय झाला? २०२३ मध्ये संशोधकांच्या एका गटाने या व इतर नोंदी एकत्र करून क्लॅरिअन-क्लिपर्टन पट्ट्यातील प्राण्यांचा हिशेब मांडला. त्यांच्या यादीत ५,५७८ जाती आल्या आणि त्यांतील सुमारे नव्वद टक्के जातींना अजून शास्त्रीय नाव नव्हते. कोणा एका कंत्राटदाराच्या वहीतून हा आकडा कधीच निघाला नसता.

त्याच वर्षी डीपडेटामधील जीवशास्त्रीय नोंदींची तपासणीही प्रसिद्ध झाली. तीत दुबार नोंदी आणि नावे लिहिण्यातील विसंगती दाखवून दिल्या होत्या. काहींना ही नामुष्की वाटेल. मला तसे वाटत नाही. या चुका संग्रह उघडल्यामुळे झाल्या नाहीत. त्या आधीपासूनच होत्या, उघडल्यामुळे दिसल्या. वही बंद असती तर त्याच चुकांवरून पुढचे निर्णय झाले असते.

माहितीचा आणखी एक मार्ग असतो, तो शोधनिबंधांचा. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या खोल समुद्रात तळ नांगरून पाहिला. २०१५ मध्ये परत गेल्यावर नांगराचे चर जवळजवळ तसेच दिसले. भारतानेही १९९७ मध्ये आपल्या क्षेत्रात गाळ ढवळून पाण्यात सोडण्याचा प्रयोग केला आणि पुढची काही वर्षे त्या जागेचे निरीक्षण केले. गोव्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यावर निबंध लिहिले. तळ सावरायला किती काळ लागतो याविषयी आज जे थोडेफार कळते ते अशा उघड प्रयोगांतून.

९. आज हा प्रश्न का महत्त्वाचा

आतापर्यंतचे सगळे करार शोधाचे आहेत. 'क्षेत्रा'त व्यापारी खाणकामाचे नियम अजून वाटाघाटीत आहेत. काही देशांना ते लवकर हवे आहेत, तर अनेक देश थांबा म्हणतात. एप्रिल २०२५ मध्ये सागरी करारात सामील नसलेल्या अमेरिकेने स्वतःच्या कायद्याखाली असे परवाने देण्याचा आदेश काढला. भारतही स्वस्थ बसलेला नाही. २०२१ मध्ये डीप ओशन मिशनला मंजुरी मिळाली. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेचे 'वराह' हे यंत्र मध्य हिंदी महासागरात ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिले गेले. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणाऱ्या 'मत्स्य ६०००' या पाणबुडीचे काम सुरू आहे. तुमच्यापैकी कोणी तरी पुढे या यंत्रांवर काम करील, अशी मला आशा आहे.

खाणकाम व्हावे की नाही यावर मी तुम्हाला मत सांगणार नाही. निकेल-कोबाल्टची गरज खरी आहे आणि लाखो वर्षांत घडलेला तळ एकदा खरवडला की आपल्या हयातीत भरून येत नाही, हेही खरे आहे. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट लागणारच, ती म्हणजे खाणकामापूर्वी तळ कसा होता याची विश्वासार्ह नोंद. ती नोंद नंतर करता येत नाही. चर पडल्यावर आधीचे वाचन घ्यायला कोणी जाऊ शकत नाही. आणि आज ती नोंद करण्याइतकी जहाजे व पैसा मुख्यतः कंत्राटदारांकडेच आहे. ज्याला खणायचे आहे त्याच्याच वहीवर खणण्याचा निर्णय अवलंबून आहे. म्हणून ती वही उघडी, जुळणारी आणि तपासता येण्यासारखी असावी लागते.

चॅलेंजरच्या काळात माहिती उघडी होती, कारण तिला भाव नव्हता. भाव आल्यावर ती बंद झाली. गेल्या चाळीस वर्षांत कायद्याने ती थोडी थोडी उघडायला लावली आहे. हे काम अर्धेच झाले आहे.

डीपडेटा संगणकावर उघडून मध्य हिंदी महासागरातील एखादे नमुनास्थान शोधा. त्याची खोली, तारीख आणि घेतलेला नमुना वहीत लिहा. त्या एका ओळीमागे जहाजावरचे कित्येक दिवस असतात. आणि हो, पुढच्या प्रात्यक्षिकात रेषेपासून लांब पडलेले वाचन खोडू नका. शेजारी कारण लिहा. तुमच्यानंतर कोणाला तरी तेच वाचन हवे असेल.

थोडक्यात

• बहुधात्विक गोटे १८७३ पासून माहीत आहेत. व्यापारी किंमत आल्यावर त्यांच्याविषयीची माहिती गोपनीय झाली.
• १९८२ च्या करारातील दोन वाट्यांची पद्धत कंत्राटदाराने दिलेल्या माहितीशिवाय चालू शकत नाही.
• वार्षिक अहवाल वर्ष संपल्यावर नव्वद दिवसांत द्यायचा असतो. त्याची तपासणी विधी व तांत्रिक आयोग करतो.
• पर्यावरण रक्षणाचे नियम करण्यासाठी लागणारी माहिती गोपनीय ठेवता येत नाही. गोट्यांची घनता मात्र दोन्ही गटांत मोडते.
• २०१९ मध्ये डीपडेटा खुला झाला. त्याचा उपयोगही दिसला आणि त्यातील उणिवाही.

विचारासाठी प्रश्न

१. वाटे करणारा आणि उचलणारा यांची युक्ती समुद्रतळावर वापरताना कोणती अडचण येते? ती दूर करण्याचा दुसरा उपाय सुचवा.
२. गोट्यांची घनता ही खनिजाची माहिती मानावी की पर्यावरणाची? तुमच्या उत्तराने कंत्राटदार आणि संशोधक यांच्यावर काय परिणाम होईल?
३. दहा वर्षांची गोपनीयता तुम्हाला योग्य वाटते का? खोल समुद्रातील कामाचा वेग लक्षात घेऊन कारणे द्या.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या खाणीच्या, धरणाच्या किंवा कारखान्याच्या जागेची आधीची नोंद उपलब्ध आहे का, हे शोधा. ती कोणी केली होती?